झाकण्यापूर्वी पाहणारा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. अकरावीला जायचे की डिप्लोमाला? आणि डिप्लोमा म्हटला तर कोणता? त्यात स्थापत्य, म्हणजे सिव्हिल, हे नाव निघाले की कुणी काका म्हणतात, "उन्हातान्हात उभे राहायचे काम आहे ते." कुणी मामा म्हणतात, "डिप्लोमा केला तरी शेवटी डिग्री करावीच लागते, मग आधीच अकरावीला का जाऊ नये?" दोन्ही बोलण्यांत थोडेफार तथ्य आहे. पण त्या तीन वर्षांत मुलगा किंवा मुलगी नेमके काय शिकते, हे या चर्चेत सहसा कुणी सांगत नाही. फी, गुण, वसतिगृह, नोकरी या सगळ्यांवर बोलणे होते. विषयावर होत नाही. आज त्या विषयावर थोडे बोलायचे आहे. ज्यांच्या घरात कुणी डिप्लोमाला जाणार नाही, त्यांनाही यातले काही उपयोगी पडेल. कारण घर प्रत्येकाला लागते आणि पुलावरून प्रत्येकालाच जावे लागते.

मधल्या माणसासाठी सुरू झालेले शिक्षण

पदविका म्हणजे पदवीची धाकटी बहीण, अशी आपली समजूत असते. इतिहास पाहिला तर क्रम उलटा दिसतो. उत्तरेत रुरकी येथे १८४७ साली अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. त्यानंतर सात वर्षांनी, १८५४ साली पुण्यात 'पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' निघाले. इमारती, धरणे, कालवे, रेल्वे, पूल अशा सार्वजनिक कामांवर हाताखालचे अधिकारी म्हणून उभी राहतील अशी माणसे तयार करणे, हा त्याचा हेतू होता. नकाशा काढणारा साहेब वर आणि दगड घडवणारा पाथरवट खाली. या दोघांच्या मध्ये उभा राहून नकाशातले जमिनीवर उतरवणारा माणूस सरकारला हवा होता. त्याच शाळेचे पुढे महाविद्यालय झाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तिथेच शिकले. आज ते सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखले जाते.

त्या मधल्या माणसाला आपल्याकडे कितीतरी वर्षे 'ओव्हरसियर' म्हणत. आज सरकारी खात्यात त्याला कनिष्ठ अभियंता म्हणतात आणि खासगी कामावर साइट इंजिनीअर किंवा सुपरवायझर. नावे बदलली तरी जागा तीच आहे. डिप्लोमाचा अभ्यासक्रम मुख्यत्वे या जागेसाठी आखलेला असतो.

त्याची चौकट अशी. दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, त्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा नसते. प्रवेशाची प्रक्रिया तंत्रशिक्षण संचालनालय राबवते. अभ्यासक्रम आणि परीक्षा बहुतेक संस्थांत महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या असतात. काही तंत्रनिकेतने स्वायत्त आहेत. तीन वर्षे, सहा सत्रे. बारावी विज्ञान किंवा आयटीआय झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची सोय आहे. पदविका झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. म्हणजे मामांची काळजी अगदीच अस्थानी नसली, तरी वाट बंद होत नाही.

पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, आरेखन आणि कार्यशाळा. पुढे सर्वेक्षण, बांधकामाचे साहित्य, बांधकाम पद्धती, संरचनांचे बलशास्त्र, काँक्रीट तंत्रज्ञान, मृदा अभियांत्रिकी, जलशास्त्र, रस्ते, पाणीपुरवठा व सांडपाणी, सिंचन, अंदाजपत्रक, कंत्राटे आणि हिशेब. शिवाय काही आठवडे प्रत्यक्ष कामावर प्रशिक्षण. ही यादी ऐकून पालकांना वाटते, की पुष्कळ विषय थोडे थोडे शिकवले जातात. तसे नाही. या सगळ्या विषयांना एकत्र बांधणारा एक धागा आहे, तो समजला की अभ्यासक्रम समजतो.

बांधकाम म्हणजे झाकत जाणे

सुतार टेबल करतो, ते आपण उलटेपालटे करून पाहू शकतो. शिंपी सदरा शिवतो, त्याची शिवण उसवून आतले पाहता येते. इमारतीचे तसे नाही. तिथे जे सर्वांत महत्त्वाचे, ते सर्वांत आधी झाकले जाते. पाया भरला की त्यावर माती येते. सळ्या बांधल्या की त्या काँक्रीटमध्ये बुडतात. काँक्रीटवर गिलावा चढतो आणि गिलाव्यावर रंग. घर घेणारा माणूस शेवटी पाहतो तो रंग आणि फरशी, म्हणजे ज्यावर इमारत उभी नाही नेमके तेच.

म्हणून या धंद्यात एक माणूस असा लागतो, जो प्रत्येक गोष्ट झाकली जाण्यापूर्वी तिथे हजर असतो, त्याला काय पाहायचे ते माहीत असते, ते मोजता येते, आणि चुकले असेल तर 'थांबा' म्हणण्याचा अधिकार व धीर त्याच्याकडे असतो. स्थापत्याची पदविका शिकवते ते मुख्यतः हे. काही उदाहरणे घेऊन पाहू.

पहिले उदाहरण जमिनीचे. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात वर काळी माती आणि खाली मुरूम व काळा पाषाण आहे. काळी माती कापसाला चांगली, पायाला नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आटते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टेकलेला पाया तिच्याबरोबर वरखाली होतो आणि चारपाच वर्षांत भिंतीला तिरक्या भेगा दिसू लागतात. म्हणून साध्या घराचा पाया सहसा काळी माती ओलांडून मुरमापर्यंत नेतात. माती खूप खोल असली तर वेगळे उपाय करावे लागतात. आता खड्डा एक मीटर खणला आणि तळाशी अजून काळी मातीच आहे, तर पुढे खणायचे की इथेच खडीचा थर टाकायचा, हा निर्णय त्या खड्ड्याच्या काठावर होतो. नकाशात खोलीचा आकडा असतो. पण जमीन प्रत्येक खड्ड्यात सारखी नसते. मृदा अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत मुले तीच माती भांड्यात भिजवून किती फुगते ते मोजतात. ज्याने हे हाताने केले आहे, तो खड्ड्यात उतरून बघतो. ज्याने केले नाही, तो काठावरून 'भरा' म्हणतो.

दोनदा मोजायचे आणि परत यायचे

दुसरे उदाहरण सर्वेक्षणाचे. एखाद्या रस्त्याच्या कडेला तीन पायांच्या तिवईवर दुर्बीण लावून आणि समोर आकड्यांची उंच पट्टी धरून उभी असलेली मुले तुम्ही पाहिली असतील. ती उंचसखलपणा मोजत असतात. तत्त्व सोपे आहे. समजा एका खुणेची उंची १०० मीटर धरली. तिच्यावर पट्टी उभी केली आणि दुर्बिणीतून १.५०० मीटर वाचन आले. म्हणजे दुर्बिणीची आडवी नजर १०१.५०० मीटरवर आहे. तीच पट्टी पुढच्या ठिकाणी नेली आणि २.२५० वाचन आले, तर ती जागा ९९.२५० मीटरवर, म्हणजे पाऊण मीटर खाली आहे.

गंमत पुढे आहे. वाचनांची वही भरली की मुलांना लगेच एक पडताळा घ्यायला शिकवतात. सगळ्या मागच्या वाचनांच्या बेरजेतून सगळ्या पुढच्या वाचनांची बेरीज वजा करायची. ते उत्तर शेवटच्या आणि पहिल्या उंचीतल्या फरकाएवढे यायलाच हवे. आले नाही तर आकडेमोड चुकली. पण आले म्हणून काम बरोबर, असे मात्र नाही. पट्टीवरचा आकडाच चुकीचा वाचला असेल तर हा पडताळा बिनतक्रार जुळतो. म्हणून दुसरा नियम : काम संपल्यावर मोजत मोजत पुन्हा पहिल्या खुणेवर यायचे. निघताना ती १०० मीटर होती, परत आल्यावर किती येते ते पाहायचे. जो फरक येईल तेवढी चूक वाटेत कुठेतरी झाली आहे.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हे शिकवणे म्हणजे काय, याचा विचार करा. स्वतःच्या कामावर विश्वास ठेवू नकोस, ते तपास. आणि एक तपासणी काय पकडते, काय पकडत नाही, तेही लक्षात ठेव. सांडपाण्याच्या नळाला १०० मीटरला १ मीटर उतार द्यायचा असेल, तर ३० मीटर लांबीत तो ३० सेंटीमीटरच असतो. उंची मोजताना मध्येच दहा सेंटीमीटरची चूक झाली, तर तेवढ्या भागात पाणी उलटे फिरते किंवा तुंबते. नळ तोवर मातीखाली गेलेला असतो. मग दर पावसाळ्यात गल्लीतले लोक नगरपालिकेला शिव्या देतात. चूक मात्र कधीतरी एका दुपारी एका वहीत झालेली असते.

जमिनीवर घराची आखणी करतानाही हेच. काटकोन धरायला तीन, चार, पाचचा दोरीचा त्रिकोण करतात; एका बाजूला तीन मीटर, दुसऱ्या बाजूला चार, आणि तिरके पाच आले की कोन काटकोन. गवंड्यालाही हे माहीत असते, त्याच्याजवळ गुण्या असतो, ओळंबा असतो. पण सगळी आखणी झाल्यावर चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजून ते सारखे आहेत का, हे पाहण्याची सवय अभ्यासक्रम लावतो.

सळई वर की खाली?

तिसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या डोक्यावरचे आहे, छज्जाचे. खिडकीवरचा छज्जा किंवा बाहेर काढलेली गॅलरी एकाच बाजूने भिंतीत धरलेली असते. काँक्रीट दाब चांगला सोसते, पण ताण फारसा सोसत नाही; त्याची ताणाची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण एक दशांश असते. म्हणून जिथे ताण पडतो तिथे लोखंडी सळई घालतात. आता छज्जात ताण कुठे पडतो? घरातला एक लांबट खोडरबर घ्या. वरच्या बाजूला पेनाने शेजारी शेजारी दोन आडव्या रेघा मारा. एक टोक बोटांत घट्ट धरा आणि दुसरे टोक खाली दाबा. वरच्या रेघा एकमेकींपासून दूर जातील. म्हणजे ताण वरच्या बाजूला आहे. म्हणून छज्जाची मुख्य सळई वर हवी. खोलीवरच्या साध्या स्लॅबमध्ये, दोन भिंतींच्या मधोमध, याच्या बरोबर उलटे असते; तिथे सळई खाली हवी.

नकाशात हे नीट दाखवलेले असते आणि फिटरही सळ्या वरच बांधतो. मग स्लॅबचा दिवस उजाडतो. घमेली घेऊन माणसे त्याच सळ्यांवरून ये-जा करतात आणि वरची सळई पायाखाली दबून मध्यावर किंवा तळाशी जाते. त्यावर काँक्रीट पडते. बाहेरून छज्जा अगदी सुबक दिसतो. टेकू काढले की कधी तो लगेच खाली येतो, कधी काही पावसाळे थांबून येतो. सळई कमी घातली नव्हती, सिमेंट कमी नव्हते. फक्त सळई जागेवर नव्हती. तिला आधार देणाऱ्या लोखंडी खुर्च्या ठेवल्या आहेत का आणि माणसांना चालायला फळ्या टाकल्या आहेत का, हे काँक्रीट पडण्याच्या आधी अर्धा तास कुणी पाहिले असते, तर ते टळले असते.

सळईच्या भोवतीच्या काँक्रीटच्या आवरणाचेही तसेच. स्लॅबला किमान २० मिलिमीटर, खांबाला ४०, पायाला ५० मिलिमीटर, असे साधे आकडे मुले पाठ करतात. परीक्षेत एका गुणाचा प्रश्न असतो तो. पण कारण समजले तर आकडा विसरत नाही. आवरण पातळ असले की हवा आणि ओल लवकर आत पोचते, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून ढकलून काँक्रीटचे पापुद्रे पाडतो. जुन्या इमारतींत छताचे ढलपे पडून सळ्या उघड्या पडलेल्या दिसतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे. मुंबईसारख्या खाऱ्या हवेत तर हे आणखी लवकर होते. एवढ्या नुकसानीवरचा उपाय म्हणजे सळईखाली ठेवायचे सिमेंटचे लहान ठोकळे. ते नसले की कुणीतरी खडीचा तुकडा सरकवतो, आणि तो पहिल्याच धक्क्याला निसटतो.

एक जादा बादली

चौथे उदाहरण पाण्याचे, आणि सर्वांत जास्त वाद याच्यावर होतात. पन्नास किलो सिमेंटच्या एका पोत्याला पाणी आणि सिमेंट यांचे प्रमाण अर्धे धरले, तर २५ लिटर पाणी लागते. खरे तर सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी त्याहून कमी पाणी पुरते. थोडे जास्त घालावे लागते ते मिश्रण कामाजोगे व्हावे म्हणून. हे जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी काँक्रीटमध्ये सूक्ष्म छिद्रे राहतात. पाणी जितके जास्त तितकी छिद्रे जास्त आणि ताकद कमी. डफ एब्रम्स या अमेरिकी संशोधकाने हा नियम १९१८ साली मांडला, आणि आजही काँक्रीटचा सगळा कारभार त्याच पायावर चालतो.

आता स्लॅबच्या दिवशी काय होते? मिक्सरमधून माल घट्ट येतो. तो ओढायला जोर लागतो. मुकादम म्हणतो, "साहेब, थोडं पाणी सोडू द्या की, माल पुढं सरकंना." साहेब म्हणजे वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, नाहीतर मुलगी. मुकादमाचे वय त्याच्या वडिलांएवढे. दहा लिटरची एक बादली जादा पडली तर प्रमाण अर्ध्यावरून ०.७ वर जाते आणि ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटू शकते. बादली ओतायला पाच सेकंद लागतात. नंतर ती परत काढता येत नाही. मुकादम काही वाईट माणूस नसतो. त्याला माल संध्याकाळपर्यंत संपवायचा असतो आणि माणसांचे हात दुखत असतात. त्याचे म्हणणे धुडकावून चालत नाही. "काका, पाणी नको, खडी जरा जास्त झालेली दिसते, ते पाहू, आणि व्हायब्रेटर इकडे घ्या," असे म्हणता आले पाहिजे. म्हणजे नकार देताना दुसरी वाट दाखवता आली पाहिजे. काँक्रीट तंत्रज्ञान नीट शिकलेल्यालाच ते जमते. वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणी वजा करायचे, शंकूच्या साच्याने माल किती बसतो ते मोजायचे, हे सगळे त्या बादलीला पर्याय देण्यासाठीच असते.

याच दिवशी पंधरा सेंटीमीटरचे ठोकळे भरून ठेवतात. 'एम २०' जातीच्या काँक्रीटचा असा ठोकळा २८ दिवसांनी यंत्रात दाबला, तर साधारण ४५ टनांपर्यंत भार त्याने सोसावा अशी अपेक्षा असते. प्रवाशांनी भरलेल्या तीन एसटी गाड्या एका ओंजळीएवढ्या जागेवर उभ्या कराव्यात, तेवढा हा भार. मुलांना हा प्रयोग फार आवडतो, कारण ठोकळा फुटताना आवाज होतो. पण चांगला शिक्षक त्यांना विचारतो : २८ दिवसांनी निकाल वाईट आला तर तुम्ही काय कराल? तोवर त्या स्लॅबवर पुढचा मजला चढलेला असतो. म्हणजे ठोकळा झालेल्या गोष्टीची साक्ष देतो. ती होत असताना थांबवण्याचे काम मिक्सरशेजारी उभ्या असलेल्या माणसाचेच.

किल्लारी आणि सावित्री

हे सगळे बारीकसारीक वाटेल. म्हणून दोन मोठ्या घटना आठवू.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. जगातल्या मोठ्या भूकंपांत त्याची गणना होत नाही; एवढा संहार झाला तो घरांमुळे. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, वर मातीचे जड माळवद. बाहेरून अशी भिंत किल्ल्यासारखी दिसते. आत मात्र दोन वेगवेगळे दगडी पापुद्रे असतात आणि मधे माती व दगडांची भर. या दोन पापुद्र्यांना शिवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड ठिकठिकाणी घातलेला असला तर भिंत एक होऊन हलते. तो नसला तर पापुद्रे सुटतात आणि भिंत फुगून कोसळते. भारतीय मानक सांगते की असे आरपार दगड उंचीत दर ६० सेंटीमीटरला आणि आडवे जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर असावेत. भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या जुन्या घरांच्या भिंती मजबूत करताना त्यांना भोके पाडून काँक्रीटचे आरपार दुवे घातले गेले. जे बांधताना एका दगडाने झाले असते, ते नंतर असे करावे लागले.

दुसरी घटना २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीची. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या आणि आणखी वाहने अंधारात नदीत गेली. दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच प्रश्न होता : पूल तपासला गेला नव्हता का? पुलाचा रस्ता, कठडे, कमानी वरून दिसतात. पाण्याखाली पायाजवळची माती-वाळू वाहून गेली आहे का, दगडांमधला चुना सुटला आहे का, हे रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला दिसत नाही. त्यासाठी पाणी उतरल्यावर खाली जावे लागते, काही ठिकाणी पाणबुडे उतरवावे लागतात. नवा पूल विक्रमी वेळेत बांधून जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला, हे कौतुकाचेच. पण नवे बांधण्याइतकेच जुने तपासणे हेही स्थापत्याचे काम आहे. राज्यात असे जुने पूल, बंधारे, पाण्याच्या टाक्या गावोगाव आहेत. त्यांच्याजवळ सर्वांत आधी जो पोचतो तो बहुधा कनिष्ठ अभियंता असतो.

वही आणि सही

अभ्यासक्रमातला सर्वांत रुक्ष समजला जाणारा विषय म्हणजे अंदाजपत्रक आणि मोजमापे. लांबी, रुंदी, खोली, गुणाकार, दर. मुले कंटाळतात. पण सार्वजनिक बांधकाम खात्यात ज्या वहीत ही मापे उतरतात, त्या मापपुस्तिकेला फार वजन आहे. तिच्यातल्या नोंदीवर कंत्राटदाराचे बिल निघते. नोंद शाईने करायची, खोडायची नाही. चुकले तर रेघ मारून सही करायची. आणि जे काम झाकले जाणार आहे, त्याची मापे झाकण्यापूर्वीच घ्यायची. त्यासाठी कंत्राटदाराने आधी सूचना द्यायची, असा करारातच नियम असतो. म्हणजे आपण इतका वेळ जे बोलतो आहोत, ते सरकारी नियमातही आहे.

या वहीत 'पाहिले' म्हणून सही करणारा खरोखर तिथे होता का, हा प्रश्न नैतिक आहे तसा तांत्रिकही. न पाहता केलेल्या सहीला पैशाचा मोह हेच एक कारण नसते. पुष्कळदा एकाच माणसाकडे चार गावांतली कामे असतात आणि त्याला सगळीकडे वेळेवर पोचता येत नाही. पण पाया बुजला की सही खरी होती की खोटी, हे सांगायला दुसरा साक्षीदार उरत नाही.

महाविद्यालय निवडताना

आता पुन्हा दहावीच्या निकालाकडे येऊ. वर सांगितलेले सगळे फळ्यावर शिकवता येत नाही. इथेच आपल्याकडे ढिलाई होते, हे स्पष्ट बोलले पाहिजे. प्रयोग न करता जुन्या वहीतून आकडे उतरवून जर्नल पूर्ण करणे, ही रीत काही ठिकाणी पडून गेली आहे. उंची मोजण्याच्या प्रयोगात वाचन उतरवून घेतलेला मुलगा पुढे स्लॅबच्या दिवशी ठोकळ्यांचे आकडेही उतरवूनच घेणार. सवय एकच आहे, फक्त जागा बदलते.

म्हणून तंत्रनिकेतन पाहायला जाल तेव्हा इमारतीची फरशी पाहू नका. काँक्रीटचा ठोकळा दाबण्याचे यंत्र चालू आहे का आणि त्याच्याभोवती फुटलेल्या ठोकळ्यांचा ढीग आहे का, ते पाहा. सर्वेक्षणाची उपकरणे कपाटात चकचकीत आहेत की त्यांच्या तिवईच्या पायांना माती लागली आहे, ते पाहा. सर्वेक्षणाचे शिबिर खरोखर मैदानावर भरते का, प्रशिक्षणाला मुले कुठल्या कामावर जातात आणि तिथे त्यांना काही करू देतात का, हे शिकणाऱ्या मुलांनाच विचारा. इंग्रजीची भीती असेल तर द्विभाषिक शिक्षणाची सोय आहे का, तेही विचारा. कामावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्हींची गरज पडते : नकाशा इंग्रजीत असतो, गवंडी मराठीत बोलतो आणि सळ्या बांधणारा पुष्कळदा दुसऱ्या राज्यातून आलेला असतो. मुलींनी या शाखेत यावे का, असा प्रश्न अजूनही विचारला जातो. वर सांगितलेल्या कामांत बाप्याच हवा असे एकही काम नाही. कामाच्या जागी स्वच्छतागृहही नसते ही खरी अडचण आहे, पण ती सोडवायची जबाबदारी काम देणाऱ्याची आहे.

मुलांनाही एक सांगणे. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, दिवस मोठा असतो, रविवारही कधी कधी जातो. पहिली दोन वर्षे बहुतेक वेळ गवंडी, फिटर आणि मुकादम यांच्याकडून शिकण्यात जातो, आणि तसा तो गेला पाहिजे. हल्ली टोटल स्टेशन आले, संगणकावरचे नकाशे आले, ड्रोनने मोजणी होते. ते जरूर शिका. पण सळईखालचा ठोकळा आहे की नाही हे अजून वाकूनच पाहावे लागते.

आणि ज्यांच्या घराचे बांधकाम सुरू आहे किंवा होणार आहे, त्यांच्यासाठी शेवटी चार गोष्टी. पाया भरण्याआधी खड्ड्याचा तळ अभियंत्याने पाहिला का, ते विचारा. स्लॅबला पाणी किती दिवस मारणार, ते विचारा. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आणि राख मिसळलेले सिमेंट असेल किंवा हवा कोरडी व उष्ण असेल तर किमान दहा दिवस. टेकू काढण्याची घाई करू देऊ नका. आणि चौथी गोष्ट : स्लॅबच्या दिवशी नारळ फोडायला, पेढे वाटायला सगळेच येतात. त्याच्या आदल्या दिवशी सळ्या पाहायला कोण येणार आहे, हे आधीच ठरवून घ्या. त्या माणसाच्या येण्याचे पैसे थोडे द्यावे लागले तरी द्या.